९पी२१ जनुकस्थान व हृदयधमनी विकार

नवव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवरील सुमारे ५८,००० बेस-जोड्यांचा (डीएनएच्या अक्षर-जोड्यांचा) पट्टा. हृदयधमनी विकाराशी (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या अरुंद होण्याशी) निगडित सर्वसामान्य जनुकीय भेदांपैकी सर्वांत ठळक भेद याच पट्ट्यात आहेत. हा विकार घराण्यात चालतो, हे निरीक्षण जुनेच. स्वीडनमधील जुळ्यांच्या १९९४ च्या अभ्यासात, एकबीज जुळ्या भावांपैकी एक ५५ वर्षांच्या आत या विकाराने दगावल्यास दुसऱ्याचा धोका सुमारे आठपट आढळला. मात्र एलडीएल-ग्राहीतील (रक्तातील कोलेस्टेरॉल पेशीत ओढून घेणाऱ्या प्रथिनातील) दोषासारखे एकजनुकी प्रकार वगळता या वारशाचा उलगडा २००७ पर्यंत फारसा झालेला नव्हता.

शोध : मे २००७ मध्ये ओटावा येथील रूथ मॅकफर्सन आणि आइसलँडमधील डीकोड कंपनीच्या अ‍ॅना हेल्गादोत्तिर यांच्या गटांनी स्वतंत्रपणे हे स्थान जाहीर केले. ब्रिटनमधील वेलकम ट्रस्टच्या समूहालाही त्याच वर्षी ते आढळले, तेव्हा अग्रमानाचा वाद निरर्थकच. आइसलँडच्या गटाने सांगड घातली ती हृदयविकाराच्या झटक्याशी. पुढे अँजिओग्राफी झालेल्या रुग्णांत, धमनीत अडथळे असूनही झटका न आलेले आणि झटका आलेले यांच्यात या भेदाचे प्रमाण जवळपास सारखेच दिसले. त्यामुळे हा भेद धमनीत चरबीचा थर साचण्यास हातभार लावतो, थर फुटण्यास नव्हे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

युरोपीय वंशाच्या सुमारे निम्म्या लोकांत जोखमीच्या भेदाची एक प्रत, तर २० ते २५ टक्क्यांत दोन्ही प्रती असतात. प्रत्येक प्रतीमागे धोका साधारण एक-चतुर्थांशाने वाढतो आणि ही वाढ कोलेस्टेरॉल किंवा रक्तदाबाच्या वाटेने होत नाही.

कार्यपद्धती : पट्ट्यात प्रथिन घडवणारे एकही जनुक नाही, आणि खरी अडचण इथेच आहे. शेजारची सीडीकेएन२ए व सीडीकेएन२बी ही जनुके पेशीविभाजनाला लगाम घालतात. कर्करोग-संशोधकांना ती आधीपासून परिचित होती. २०१० मध्ये उंदरांतील समकक्ष ७०,००० बेसचा तुकडा काढून टाकल्यावर हृदयातील या दोन्ही जनुकांचे कार्य बरेच मंदावले आणि महाधमनीच्या भिंतीतील अरेखित स्नायूपेशी प्रयोगपात्रात बेसुमार वाढल्या. पण त्या उंदरांच्या महाधमनीत चरबीचे थर काही वाढले नाहीत. २०११ मध्ये पट्ट्यात ३३ वर्धक घटक (इतर जनुकांचे कार्य वाढवणारे डीएनएचे तुकडे) दाखवण्यात आले. त्यांपैकी एकावर, जोखमीचा भेद असल्यास, स्टॅट१ हे जनुकांचे नियमन करणारे प्रथिन नीट बसत नाही. तिसरा पक्ष अ‍ॅनरिल या प्रथिन न घडवणाऱ्या आरएनएचा. त्याचे वलयाकार रूप संरक्षक असावे, असे २०१६ मध्ये सुचवले गेले. मूलपेशींपासून बनवलेल्या मानवी अरेखित स्नायूपेशींतून २०१८ मध्ये जोखमीचा पट्टा कापून टाकला, तेव्हा त्यांची चिकटण्याची व आकुंचनाची क्षमता परत आली. म्हणून धमनीच्या भिंतीतील बिघाडाकडेच सध्या कल आहे.

अन्य लोकसमूह : दक्षिण व पूर्व आशियाई लोकांत हा संबंध पडताळला गेला आहे. आफ्रिकी वंशाच्या लोकांत तो क्षीण आहे. तेथे शेजारचे भेद एकत्र वारशाने जाण्याची रचना निराळी असते. वय, धूम्रपान व कोलेस्टेरॉलवरून बांधलेल्या अंदाजात केवळ या चाचणीने विशेष सुधारणा होत नाही. अनेक भेदांची जोखीम एकत्र मोजणाऱ्या बहुजनुकी गुणांकात हे स्थान धरले जाते.