‘बारा’ म्हणता म्हणता

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा चालू होता. खरेदीदार ढिगातली कांडी उचलायचे, कटकन मोडून आतला रंग बघायचे, दर चढायचा. एकाच्या तोंडून ‘बारा हज...’ एवढं निघालं आणि शब्द तिथंच अडकला. शेजारचे हसले. मला मात्र त्या अर्ध्या शब्दाचं कौतुक वाटलं.

सुटलेली क्रिया माघारी घेणं सोपं नसतं. लोगन आणि कोवन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये त्याचा हिशेब मांडला. ‘कर’ आणि ‘थांब’ या दोन हुकमांची मेंदूत शर्यत लागते. ‘थांब’ला पोचायला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात जीभ पुढे गेली, की माल तुमचा!

पण ‘थांब’ म्हणायची वेळ आली, हे कळतं कुणाला? पिवळ्या शाईत ‘हिरवा’ असं लिहा आणि फक्त शाईचा रंग सांगा. जीभ अडखळते. स्ट्रूप यांची १९३५ सालची ही परीक्षा देताना मेंदूच्या दोन अर्धगोलांमधल्या घडीत, पुढच्या बाजूला, अँटिरियर सिंग्युलेट नावाचा भाग जागा होतो. एका मतानुसार तो पेढीवरच्या दिवाणजीसारखा आहे: निर्णय मालकाचा, पण वहीत मेळ बसेना की आधी हाच खाकरतो. त्याचं नेमकं काम काय, यावर शास्त्रज्ञांचे वाद अजून चालूच आहेत.

चूक झाल्यावर तर तो फारच चपळ. प्रयोगात चुकीचं बटण दाबलं गेलं, की सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत डोक्यावरच्या इलेक्ट्रोडमध्ये विजेची एक ऋण लाट उमटते. पुढचं उत्तर बहुधा जरा सावकाश येतं, हे मानसशास्त्रज्ञ रॅबिट यांनी १९६६ मध्येच टिपलं होतं. ताक फुंकून प्यायला मेंदू इतक्या लवकर सुरुवात करतो.

ब्रेक लावण्यात मेंदूत खोलवरच्या सबथॅलॅमिक न्यूक्लियस या पेशींच्या इवल्या पुंजक्याचाही हात असतो. पार्किन्सनच्या काही रुग्णांत तिथं तार बसवून विजेचे हलके ठोके देतात. थरथर कमी होते. पण २००७ च्या एका अभ्यासात वेगळंच दिसलं: दोन जवळजवळ सारख्या पर्यायांतून निवडताना आपण थबकतो, ठोके चालू असताना हे रुग्ण थबकत नव्हते. उलट घाईच करत होते.

आमच्या त्या खरेदीदाराचा ब्रेक शाबूत होता. पुढच्या ढिगातली कांडी त्यानं दोनदा मोडून पाहिली.