खोडरबर, म्हशीचं शिंग आणि लंबू हसन

परवा व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड आला: तोफा आल्या आणि धनुष्यबाण एका रात्रीत भंगारात गेला. दाखला दिला होता आजच्या पूर्व तुर्कस्तानातल्या ओत्लुकबेलीच्या लढाईचा, ११ ऑगस्ट १४७३. तिथे ओस्मानी तुर्कांच्या तोफांपुढे उझुन हसनचे तिरंदाज हरले. लढाई खरी, निष्कर्ष उथळ. ज्याला भंगार म्हटलंय ते माझ्या मते मध्ययुगातलं सगळ्यांत हुशार यंत्र आहे.

आधी माणूस. उझुन हसन, म्हणजे ‘लंबू हसन’, हा आक कोयुनलू ऊर्फ ‘पांढऱ्या मेंढीवाल्या’ तुर्कमानांचा प्रमुख. १४६७ मध्ये त्याने ‘काळ्या मेंढीवाल्या’ जहानशाहला संपवलं, १४६९ मध्ये तैमूरवंशी अबू सईदला हरवलं आणि इराणमधल्या तबरीझचं तख्त मिळवलं. (चौलला उतरून जुन्नरला पावसाळा काढलेला रशियन व्यापारी निकितीन परतीच्या वाटेवर याच हसनच्या छावणीत दहा दिवस राहिला होता.) टोळ्यांचं राज्य हे, सरदार जिंकणाऱ्याच्याच मागे उभे राहतात. आणि हसन जिंकत होता तो घोडेस्वार तिरंदाजांच्या जिवावर.

आता एक खोडरबर घ्या. बाजूवर पेनाने उभ्या रेघा मारा आणि तो वाकवा. बाहेरच्या अंगाला रेघा फाकतात, आतल्या अंगाला दाटीवाटी करतात, मधोमध जैसे थे. बाहेर ताण, आत दाब. नुसत्या लाकडाचं आखूड धनुष्य फार ओढलं तर कडकन मोडतं, आणि लांब धनुष्य घोड्यावर अडचणीचं. म्हणून कारागीर थर लावायचे. तिरंदाजाकडच्या अंगाला म्हशीचं शिंग, कारण ते दाब सोसतं. पाठीवर, म्हणजे बाहेरच्या अंगाला, जनावराच्या कंडरा (स्नायू हाडाला बांधणारे चिवट तंतू), त्या ताण सोसतात. मध्ये लाकूड, जिथे फारसं बळ येतच नाही. सगळं सरसाने चिकटवायचं आणि महिनोन्‌महिने वाळू द्यायचं. दमट हवेत हाच सरस सैल पडतो, ही त्याची दुखरी नस.

खरी गंमत पुढे आहे. दोरी उतरवली की हे धनुष्य उलट्या दिशेला वळतं. म्हणजे नुसती दोरी चढवली तरी ते ताणलेलं असतं, आणि ओढायला पहिल्या इंचापासून जोर लागतो. टोकं मात्र ताठ. ती शेवटी तरफेसारखी काम करतात, त्यामुळे ओढ एकदम जड होत नाही. साठलेली ऊर्जा म्हणजे बळ-अंतर आलेखाखालचं क्षेत्रफळ, आणि इथे आलेख सुरुवातीलाच फुगतो. समजलं नसेल तर पुढे चला, लढाई आलीच.

कितीही हुशार असलं तरी धनुष्यात ऊर्जा भरतो तो माणसाचा दंड. ३० ग्रॅमचा बाण सेकंदाला ५० मीटर वेगाने सुटला, तर गतिज ऊर्जा साडेसदतीस ज्यूल. मंत्रून सोडला तरी तेवढीच. १५ ग्रॅमची गोळी ४०० मीटर वेगाने सुटली, तर १२०० ज्यूल! बंदुकीच्या दारूतला शोरा हा क्षार दारू जळायला लागणारा ऑक्सिजन स्वतःच पुरवतो. दंडाचा संबंधच नाही.

तरीही धनुष्य हरलं असं म्हणवत नाही. त्याच ऑगस्टच्या सुरुवातीला फुरात (युफ्रेटिस) नदीकाठी हसनच्या स्वारांनी ओस्मानी सैन्याची एक तुकडी कापून काढली. तिचा सेनापती हास मुराद पाशा तिथेच गेला. शिवाय ओस्मानी सुलतान दुसऱ्या मेहमदच्या फौजेतही असलीच धनुष्यं होती. फक्त त्यांच्या सोबतीला तोफा आणि तोड्याच्या बंदुका होत्या. पळाल्याचं सोंग करून शत्रूला मागे ओढायचं आणि वळून बाण मारायचे, हा स्वारांचा जुना डाव. तोफखाना जागचा हललाच नाही, तर ओढणार कुणाला? ओत्लुकबेलीला हसनचा मुलगा झैनल मारला गेला. हसनच्या दोस्त व्हेनिसने त्याच्यासाठी तोफा धाडल्या होत्या. त्या घेऊन निघालेला व्हेनिसचा दूत बार्बारो तेव्हा सायप्रसमध्येच अडकून पडला होता.

हसनचं तख्त त्या दिवशी गेलं नाही, दरारा गेला. वर्षभरात थोरला मुलगा उगुर्लू मुहम्मद बापावर उलटला आणि पळून थेट मेहमदच्या आश्रयाला गेला. मेहमदने त्याला जावई करून घेतलं. जानेवारी १४७८ मध्ये हसन वारला. गादीवर त्याचा दुसरा मुलगा खलील बसला, आणि त्याच उन्हाळ्यात धाकटा भाऊ याकूबविरुद्धच्या लढाईत मारला गेला.