केटली गावात येण्याआधी

विदर्भातल्या खेड्यांत विजेवरची केटली उशिरा पोचली. बाहेरगावी शिकणाऱ्या पोरापोरींनी वसतिगृहात वापरलेली केटली सुट्टीत घरी आणली, मग आजीला पहाटे गरम पाणी चटकन मिळतं हे घरच्यांनी पाहिलं. आता तालुक्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानातही ती मांडलेली असते. तिच्याआधी इथं पाणी कशावर तापत होतं, हे माहीत असलं की केटली घेताना काय बघायचं तेही नीट उमगतं.

कापसाच्या पट्ट्यात चुलीचं जळण म्हणजे पऱ्हाट्या आणि तुराट्या, म्हणजे कापसाच्या आणि तुरीच्या झाडांच्या वाळक्या काड्या. पऱ्हाटी भुर्रकन पेटते, लवकरच विझते, म्हणून बाईला चुलीपुढून हलता येत नाही. वणी-चंद्रपूरकडे कोळशाची शिगडी, गडचिरोलीकडे रानातलं लाकूड. चहाचा एक गंज (पातेलं) असो की बाळंतिणीचं पाणी, दरवेळी धूर डोळ्यांत घ्यायचाच. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गॅस आणला, तरी भरलेलं सिलिंडर परवडत नाही म्हणून पाणी चुलीवरच ठेवणारी घरं आजही आहेत.

विजेची गोष्ट जास्त बोचते. कोराडीचं वीजकेंद्र १९७४ मध्ये सुरू झालं, ऐंशीच्या दशकात चंद्रपूरचं उभं राहिलं. त्याची क्षमता आज २९२० मेगावॅट आहे. कोळसा इथला, राखही इथल्याच शेतांवर. आणि २००५ नंतरच्या काही वर्षांत याच भागातली खेडी भारनियमनात तासन् तास अंधारात असायची. पुढे गावठाणाचे फिडर, म्हणजे वस्तीला वीज देणाऱ्या वाहिन्या, शेतीच्या फिडरपासून वेगळे झाले, तेव्हा कुठे घरातली वीज जरा भरवशाची झाली. लाईन केव्हा जाईल ते ठाऊक नसेल, तर विजेवर पाणी तापवायचा विचार कोण करणार?

तरी लोक तापवत होतेच: उघड्या कॉइलचा हिटर आणि बादलीत सोडायचा रॉड. दोन्ही स्वस्त, दोन्ही घातक. रॉड चालू असताना पाण्यात बोट बुडवून बघण्याची सवय कित्येकांना महागात पडली आहे. केटलीकडे मी सोयीपेक्षा सुरक्षिततेच्या नजरेने बघतो, ते यामुळेच. तिचा स्वतःचा इतिहासही त्याच वाटेने गेला आहे.

१८९० च्या दशकात इंग्लंडमध्ये क्रॉम्प्टन कंपनीने विजेची केटली काढली. आपल्या छताच्या पंख्यांवर दिसणाऱ्या नावाचं मूळ तेच. त्या केटलीत तापणारी तार पाण्याखालच्या वेगळ्या कप्प्यात असे, त्यामुळे बरीच उष्णता वाया जाई. १९२२ मध्ये ‘स्वॅन’ नावाने केटल्या विकणाऱ्या बर्मिंगहॅमच्या बुलपिट अँड सन्स कंपनीत आर्थर लार्ज यांनी तार धातूच्या नळीत बंद करून थेट पाण्यात बसवली. पाणी लवकर उकळू लागलं, पण लक्ष चुकलं तर सगळं आटून केटली जळायची धास्ती उरलीच. १९५५ मध्ये रसेल हॉब्सने आपोआप बंद होणारी केटली आणली. उकळीची वाफ दोन धातूंच्या एका पट्टीवर येते. दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून पट्टी वाकते आणि स्विच बंद होतो. आजच्या बहुतेक केटल्यांत हेच तत्त्व आहे. रिकामी केटली चालू राहिली तर प्रवाह तोडणारी सोय वेगळी असते. घेताना या दोन्ही आहेत ना, हे दुकानदाराला विचारावं, आणि आयएसआयची खूण पाहावी.

वाफेची वाट झाकणाजवळून जाते. म्हणून झाकण उघडं ठेवलं तर केटली वेळेवर बंद होत नाही. दूधही त्यात उकळू नये: ते फेसाळून उतू जातं, तळाला लागतं. आपला दुधाचा चहा गंजातच व्हावा, केटलीने पाणी तेवढं द्यावं.

खरी अडचण भिंतीतल्या सॉकेटची. १५०० वॅटची केटली २३० व्होल्टवर साधारण साडेसहा अँपिअर खेचते. दिव्या-पंख्याचा लहान सॉकेट सहा अँपिअरचा. तिथं ती लावली तर प्लग तापतो, काळवंडतो. मोठा, सोळा अँपिअरचा पॉइंट हवा, आणि अर्थिंग, म्हणजे गळणारा करंट जमिनीत नेणारी तार, हवंच. पुष्कळ घरांत तिसरं भोक नुसतं असतं, मागे तारच नसते. स्टीलच्या केटलीसाठी हे धोक्याचं आहे. केटलीआधी वायरमनला बोलवून अर्थिंग तपासून घ्यावं. तो खर्च वाया जात नाही.

व्होल्टेज १८० वर उतरलं की १५०० वॅटची केटली जेमतेम नऊशे वॅटची उरते. चार मिनिटांत उकळणारं लिटरभर पाणी सहा-सात मिनिटं घेतं. यात केटलीचा दोष नाही. लिटरमागे वीज लागते एका युनिटचा साधारण दहावा भाग.

बोअरच्या जड पाण्याने तळाशी पांढरा थर धरतो. लिंबाचा रस किंवा लिंबूसत्त्व घातलेलं पाणी उकळून तासभर ठेवलं की तो सुटतो. अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात आणि यवतमाळ-चंद्रपूरच्या फ्लोराइडच्या गावांत मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: उकळल्याने जंतू मरतात, खार आणि फ्लोराइड जात नाहीत, उलट पाणी आटेल तसं त्यांचं प्रमाण वाढतं. तिथं पिण्याच्या पाण्याची सोय वेगळीच करावी लागते.