डीव्हीडी रायटर स्लो झाला म्हणजे लेन्स गेली असं नाही

विंडोज एक्सपीवाल्या जुन्या पीसीवर डीव्हीडी रायटर रखडला की सगळे एकच सांगतात, लेन्स गेली, नवीन घे. मीही क्लीनिंग सीडी फिरवून फिरवून दमलो होतो, शेवटी कळलं की लेन्स ठणठणीत आहे, घोळ विंडोजचा आहे.

होतं काय, चरे पडलेली डिस्क वाचताना एरर येतात आणि असे सहा टाइमआउट किंवा सीआरसी एरर (डेटा तपासताना सापडलेली चूक) साठले की एक्सपी त्या चॅनलचा (ड्राइव्ह ज्या आयडीई जोडणीवर आहे तिचा) डीएमए मोड, म्हणजे प्रोसेसरला मधे न घेता डेटा थेट मेमरीत नेणारा मोड, एकेक पायरी खाली आणत शेवटी पीआयओ या जुन्या, संथ मोडवर टाकतं, आणि गंमत म्हणजे नंतर स्वतःहून वर आणतच नाही!! पीआयओत प्रत्येक बाइट प्रोसेसरला हलवावा लागतो, म्हणून कॉपी करताना माउससुद्धा अडखळतो. १६ एक्स स्पीडने डीव्हीडी चालवायला सेकंदाला साधारण २२ एमबी लागतात, पीआयओ मोड ४ कागदावरच १६.६ देतो.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये सेकंडरी आयडीई चॅनलच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये करंट मोड बघा. पीआयओ दिसला तर तो चॅनलच अनइन्स्टॉल करा (ड्राइव्ह नाही हं) आणि रीस्टार्ट मारा, विंडोज सगळं नव्याने ओळखतं. तरी परत पीआयओवर गेला तर मात्र केबल बदलून बघा.