ईव्हीची वीज कुठून येते : वाडीबंदर ते चंद्रपूर

मुंबईत विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी धावू लागली. तिची वीज वाडीबंदरच्या पॉवर हाउसमधून यायची आणि तिथे कोळसा जळायचा. रस्त्यावरचे ट्रामचे घोडे गेले, लीद गेली, धूर बंदराकडे सरकला. ‘ईव्ही घेऊन काय उपयोग, वीज तर कोळशाचीच ना?’ हा प्रश्न आज सोसायटीच्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारला जातो. तो त्या ट्रामलाही विचारता आला असता, आणि उत्तर ‘हो, कोळशाचीच’ असं आलं असतं. पण त्याच ट्रामला काही वर्षांनी पाण्याची वीज मिळू लागली. ट्राममध्ये एक स्क्रूसुद्धा बदलावा लागला नाही.

या वादात हीच गोष्ट नेहमी निसटते. पेट्रोलची गाडी शोरूममधून बाहेर पडते तेव्हा जेवढा धूर सोडते, त्याहून कमी धूर ती पुढे कधीच सोडणार नाही, झाला तर वाढेलच. विजेच्या वाहनाचा धूर मात्र मागची वीज बदलली की बदलतो. तो कमी होतो तसा वाढूही शकतो, आणि महाराष्ट्राने या दोन्ही गोष्टी पाहिल्या आहेत.

त्या काळी मुंबईच्या गिरण्यांना कोळसा महाग पडे, कारण तो पार बंगाल-बिहारकडून यायचा. गिरण्यांच्या चिमण्यांनी शहर इतकं काळवंडलं होतं की १९१२ साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा करावा लागला. सह्याद्रीवर मात्र वर्षाला शेकडो इंच पाऊस पडत होता. ते पाणी लोणावळ्याच्या परिसरात, वळवण आणि शिरवत्यात अडवून घाटाखाली खोपोलीला सोडायचं, ही टाटांची योजना १९१५ मध्ये सुरू झाली. मग १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला धावलेली देशातली पहिली विजेची लोकलही घाटातल्या पाण्याच्या विजेवरच चालली. आजच्या भाषेत तिला ‘झिरो एमिशन’ म्हटलं असतं आणि फीत कापायला मंत्री आले असते.

ती वीजही फुकट नव्हती. भिऱ्याला जे पाणी लागत होतं ते मुळशीच्या खोऱ्यातलं. धरणासाठी मावळातली सुमारे पन्नास गावं पाण्याखाली जाणार होती, आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरं जाणार होती. १९२१ च्या रामनवमीला मावळे सत्याग्रहाला बसले. पुढे सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली ‘जान किंवा जमीन’ अशी घोषणा घुमली. धरण झालंच. वीज तारांवरून मुंबईला गेली आणि ज्यांची शेतं बुडाली त्यांच्या वाड्यांवर पुढे कित्येक वर्षं रॉकेलचे दिवेच राहिले. शहरातल्या स्वच्छ वाहनाची किंमत गावाकडचं कोणीतरी मोजतं, हे मुळशीने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं. पुढे धरणाच्या जागी चिमणी आली, एवढाच फरक.

रेल्वेने पुण्याकडची आणि इगतपुरीकडची लाइन विजेवर घेतली, तेव्हा तिने स्वतःचं पॉवर हाउस बांधलं ते कल्याणजवळ ठाकुर्लीला, चोळा पॉवर हाउस. ते कोळशावरचं होतं. म्हणजे घाटाच्या पाण्याशेजारून जाणारी विजेची गाडी ठाकुर्लीत जाळलेल्या कोळशावर घाट चढत होती. १९५६ मध्ये ट्रॉम्बेला औष्णिक केंद्र आलं. मुंबईची मागणी पाण्याच्या आवाक्याबाहेर गेली होती. साठच्या दशकात कोयनेचं जलविद्युत केंद्र सुरू झालं, १९६९ मध्ये तारापूरचं अणुकेंद्र. तरीही राज्याची भूक भागेना, म्हणून कोळशावरची केंद्रं आली : कोराडी, भुसावळ, एकलहरे, परळी, पारस, आणि १९८३ पासून चंद्रपूर. आज चंद्रपूर केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. मुंबईच्या उपनगरांसाठी नव्वदच्या दशकात डहाणूला ५०० मेगावॉटचं केंद्र उभं राहिलं, तेव्हा चिकूच्या बागायतदारांनी वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या केल्या. त्या रेट्यामुळे डहाणूच्या चिमणीला गंधक धुऊन काढणारी यंत्रणा बसली. चंद्रपूरकरांना तेवढं नशीब लाभलं नाही. देशभरच्या औष्णिक केंद्रांसाठी असे नियम डिसेंबर २०१५ मध्ये निघाले, मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने बहुतेक केंद्रांना त्यातून मोकळंच केलं. ईव्हीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे लपवू नये. पुण्यात कर्वे रस्त्यावरची हवा सुधारते, ती काही अंशी विदर्भातल्या फुप्फुसांच्या हिशेबावर.

गाड्यांचं म्हणाल, तर बंगळुरूत चेतन मैनी यांची ‘रेवा’ २००१ साली बाजारात आली तेव्हा हा वाद फारसा झालाच नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्यांची ती दोन दारांची गाडी विकलीच इतकी कमी गेली की तिच्या विजेचा हिशेब कोण करणार? शिवाय महाराष्ट्रात त्या दशकात बारा-बारा तास लोडशेडिंग चालू होतं. विजेच्या वाहनांसाठी केंद्राचं ‘फेम’ अनुदान २०१५ मध्ये आलं, त्याचा दहा हजार कोटींचा दुसरा टप्पा २०१९ मध्ये. राज्याचं ईव्ही धोरण २०१८ चं, नंतर २०२१ आणि २०२५ मध्ये नवं. सरकारी पैसा खर्च होऊ लागला, तसा ‘पण वीज कोळशाची’ हा आवाज चढला, आणि तो रास्तच होता.

आता आकडे. भारतातली सुमारे ७० ते ७५ टक्के वीज आजही कोळशाची आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबाने ग्रिडवरच्या एका युनिटमागे सरासरी ७२० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पडतो. दहा-बारा वर्षांपूर्वी तो ८०० च्या वर होता. छोटी इलेक्ट्रिक कार एका युनिटमध्ये साधारण ७ किलोमीटर जाते. तारांमधली गळती आणि चार्जिंगमधली घट धरली, तर किलोमीटरला १३० ग्रॅम. लिटरला १६ देणारी पेट्रोलची कार सायलेन्सरमधून १४५ च्या आसपास सोडते, आणि तेल उपसणं, शुद्ध करणं, टँकरने आणणं मिळवलं की १७० पर्यंत जाते. फायदा आहे, पण जाहिरातीत दाखवतात तेवढा नाही. त्यात ३० युनिटची बॅटरी बनवतानाच दोन-अडीच टन कार्बन खर्ची पडलेला असतो. तो फिटायला ५०-६० हजार किलोमीटर लागतात. टॅक्सीवाला ते वर्षभरात कापतो. रविवारी फक्त अलिबागला जाणाऱ्याची गाडी पाच-सहा वर्षं ते देणंच फेडत राहते.

सीएनजीशी तुलना केली, तर आजच्या विजेवर दोघांची जवळपास बरोबरी होते. म्हणजे धावती सीएनजी कार मोडीत काढून ईव्ही घेण्यात निदान कार्बनच्या दृष्टीने तूर्त काही शहाणपण नाही. दुसरं टोक स्कूटरचं. एका युनिटमध्ये ३०-३५ किलोमीटर जाणारी ई-स्कूटर याच कोळशाच्या विजेवर पेट्रोलच्या स्कूटरपेक्षा निम्माच कार्बन सोडते आणि तिची बॅटरी जेमतेम दोन-तीन युनिटची. ७९ युनिटची बॅटरी घेऊन चाकणमधून निघणारी दोन टनी ई-एसयूव्ही आणि ही स्कूटर, दोन्हींना हिरवी नंबरप्लेट मिळते. मला ही प्लेट थोडी फसवीच वाटते.

या साऱ्या हिशेबात ‘सरासरी’ हा शब्द घात करतो, कारण युनिट दिवसभर एकसारखं नसतं. २०१४ मध्ये देशात तीन हजार मेगावॉटही सौर क्षमता नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये ती एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली. दुपारी बारा-एकला ग्रिडवर उन्हाची वीज भरपूर असते, काही वेळा ती घ्यायला गिऱ्हाईक नसतं. संध्याकाळी सात वाजता ऊन गेलेलं असतं, घरोघरी दिवे, पंखे, एसी सुरू असतात. तेव्हा कोयनेची जनित्रं धावून येतात आणि उरलेला भार कोळसा उचलतो. ऑफिसातून आलेला माणूस गाडी पार्क करून प्लग लावतो, तो नेमका याच वेळेला. त्याची ईव्ही त्या रात्री चंद्रपूरच्या विजेवर चार्ज होते. तीच गाडी दुपारी हिंजवडीच्या पार्किंगमध्ये लावली असती, तर हिशेब बराच हलका झाला असता.

वीजदर आखणाऱ्यांना हे कळलेलं आहे. महाराष्ट्रात कारखान्यांना वर्षानुवर्षं रात्री दहा ते सकाळी सहा सवलत मिळायची, कारण रात्री मागणी पडायची आणि कोळशाचे बॉयलर विझवता येत नाहीत. अलीकडच्या दररचनेत ही सवलत दिवसाच्या उन्हाच्या तासांकडे वळवली गेली. सार्वजनिक चार्जिंग स्टेशनांसाठी केंद्रानेही सकाळी नऊ ते दुपारी चार ही वेळ स्वस्त ठरवली. शेतीपंपांसाठी २०१७ पासूनची सौर कृषी वाहिनी योजना याच दिशेची. शेतकऱ्याला रात्री बिबट्याच्या भीतीत मोटार चालू करायला जावं लागू नये हा तिचा एक हेतू, आणि दुपारच्या विजेला गिऱ्हाईक मिळावं हा दुसरा. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने भिवपुरी आणि शिरवत्याला मिळून २,८०० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पांसाठी राज्य सरकारशी करार केला. दुपारच्या जादा विजेने पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडायचं, अशी ती व्यवस्था. ती पूर्ण झाली, तर संध्याकाळच्या प्लगमागेही थोडं ऊन असेल.

अडतंय ते पार्किंगमध्ये. दुपारी गाडी जिथे उभी असते, म्हणजे कचेरी, कॉलेज, स्टेशनचं वाहनतळ, तिथे चार्जर मोजकेच. घरी सोसायटीत एका चार्जरसाठी स्वतंत्र मीटर, कमिटीचा ठराव, केबल कोणत्या डक्टमधून न्यायची यावर तीन सभा. अनुदानाचा पैसा इतकी वर्षं गाडीच्या किमतीत गेला. कामाच्या ठिकाणच्या साध्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर त्याचा छोटा हिस्सा जरी लागला असता, तरी आज रस्त्यावर असलेल्या याच ईव्हींचा धूर कमी झाला असता, एकही नवी गाडी न विकता.