वेळ, गुरुत्वाकर्षण आणि विश्वाचं प्रसरण

दोन ठिकाणची दोन अगदी सारखी, अगदी बिनचूक घड्याळं एकमेकांशी जुळत नाहीत, आणि त्यात बिघाड कुठल्याच घड्याळाचा नसतो, या गोष्टीला टाइम डायलेशन म्हणतात. ती तीन कारणांनी होते: वेग, गुरुत्वाकर्षण आणि विश्वाचं प्रसरण. या नोंदीत मुख्यतः शेवटची दोन आहेत. इंदूरात रामबागेत नाहीतर लोकमान्य नगरात गणपतीत कोणी विश्वावर व्याख्यान दिलं की शेवटी एक प्रश्न ठरलेला असतो, विश्व फुगतंय तर वेळ पण ताणला जातोय का, आणि मग पहिल्या सेकंदाचा सेकंद आपल्या सेकंदाएवढाच होता का? प्रश्न चांगला आहे. घोळ एवढाच होतो की गुरुत्वाकर्षणाने होणारा फरक आणि प्रसरणाने दिसणारा फरक लोक एकाच पिशवीत टाकतात, आणि दोन्ही वेगळे आहेत.

आधी उज्जैन बाजूला ठेवू

इंदूरच्या माणसाला वेळ म्हटलं की उज्जैन आठवणारच, तासाभराचा तर रस्ता आहे. जुन्या भारतीय ज्योतिषात रेखांश उज्जैनपासून मोजायचे, सवाई जयसिंगाने बांधलेली वेधशाळा तिथे आजही आहे, आणि तिथल्या सम्राट यंत्रावर सावली पाहून येणारी वेळ मोबाइलच्या वेळेशी जुळत नाही. कारण उज्जैनचा रेखांश पावणेशहात्तर अंशाच्या जवळ आणि भारतीय प्रमाण वेळ ८२.५ अंशाची, म्हणजे सरासरी २७ मिनिटांचा फरक, वर तारखेप्रमाणे काही मिनिटं इकडेतिकडे. २९ फेब्रुवारी २०२४ ला तिथेच उद्घाटन झालेलं विक्रमादित्य वैदिक घड्याळ दिवसाचे ३० मुहूर्त दाखवतं. हे सगळं मोजण्याच्या पद्धतीबद्दल आहे, शून्य कुठे धरायचं आणि तुकडे किती करायचे याबद्दल. सापेक्षतेचा त्यात संबंध नाही, कारण पद्धत बदलली म्हणून अणूची थरथर, जिच्यावर सगळ्यात बिनचूक घड्याळं चालतात, ती कमीजास्त होत नाही.

पण त्याच वैदिक घड्याळाचा मनोरा सुमारे ८५ फुटी आहे, आणि इथे मात्र संबंध येतो. मनोऱ्याच्या पायथ्याशी एक आणि टोकाला एक अशी दोन उत्तम अणुघड्याळं ठेवली तर वरचं घड्याळ वर्षाला साधारण ९० नॅनोसेकंद पुढे जाईल. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. त्यामुळे मुहूर्त चुकायची काळजी नको, पण फरक खरा आहे आणि जमत जातो.

गुरुत्वाकर्षणाचा परिणाम

आइन्स्टाइनला हे १९०७ मध्येच सुचलं होतं, पूर्ण सिद्धांत १९१५ ला आला. नियम सोपा आहे: गुरुत्वाच्या खड्ड्यात जेवढं खोल, म्हणजे जड वस्तूच्या मध्याच्या जेवढं जवळ, तेवढी घड्याळाची चाल बाहेरच्याच्या तुलनेत कमी. जमिनीजवळ दर मीटर उंचीला फरक पडतो साधारण १ भागिले १ वर १६ शून्यं एवढा. इथे एक गोष्ट हमखास चुकीची सांगितली जाते, ती म्हणजे ओढ जास्त तिथे वेळ हळू. ओढ किती हे बघायचं नाही, खोली किती हे बघायचं. पृथ्वीच्या बरोबर मध्यावर ओढ शून्य, कारण सगळीकडून सारखी, तरी तिथलं घड्याळ पृष्ठभागापेक्षा हळूच चालेल, आणि पृथ्वीच्या साडेचारशे कोटी वर्षांच्या आयुष्यात गाभा पृष्ठभागापेक्षा सुमारे अडीच वर्षांनी लहान राहिलाय असा हिशोब २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

हे मोजलं पण गेलंय, नुसतं कागदावर नाही. पाउंड आणि रेब्का या दोघांनी १९५९-६० मध्ये हार्वर्डच्या एका इमारतीच्या मनोऱ्यात २२.५ मीटर अंतरावर गॅमा किरणांनी हा फरक पकडला, म्हणजे आपल्या उज्जैनच्या मनोऱ्यापेक्षा थोडी कमीच उंची. १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग यांनी सीझियमची अणुघड्याळं चक्क प्रवासी विमानात घालून पृथ्वीभोवती फिरवली. पूर्वेकडे गेलेली ५९ नॅनोसेकंद मागे पडली आणि पश्चिमेकडे गेलेली २७३ नॅनोसेकंद पुढे गेली, कारण यात उंचीचा आणि वेगाचा असे दोन्ही परिणाम मिसळतात, आणि पूर्वेकडे जाताना पृथ्वीच्या फिरण्याचा वेग विमानाच्या वेगात मिळतो. २०१० मध्ये अमेरिकेत ३३ सेंटिमीटर उंचीचा फरक मोजला गेला, म्हणजे जिन्याच्या दोन पायऱ्या. २०२० मध्ये तोक्योच्या स्कायट्री टॉवरवर ४५० मीटर उंचीवर नेता येतील अशी घड्याळं वापरून दिवसाला चार-एक नॅनोसेकंद मिळाले. आणि २०२२ मध्ये कोलोरॅडोतल्या प्रयोगशाळेने अणूंच्या एकाच पुंजक्यात एक मिलिमीटरवरचा फरक दाखवला. म्हणजे आता तुमच्या डोक्याचं आणि पायाचं वय वेगळं आहे हे वाक्य गंमत म्हणून नाही तर मोजमाप म्हणून म्हणता येतं.

इंदूरचा हिशोब करायचा तर शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर वर आहे, त्यामुळे मुंबईच्या किनाऱ्यावरच्या घड्याळापेक्षा इथलं घड्याळ वर्षाला जवळजवळ १.९ मायक्रोसेकंद (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) पुढे जातं. शंभर वर्षं जगलात तरी सेकंदाचा पाच हजारावा भागही पदरात पडत नाही, तेव्हा मुंबईच्या नातेवाइकांना टोमणा मारण्यापलीकडे उपयोग शून्य. यात एक छान बारकावा आहे. अक्षांश वेगळे, पृथ्वीच्या फिरण्याचा वेग वेगळा, तर त्याचाही फरक धरायला नको का? नको, कारण पृथ्वी विषुववृत्ताशी फुगीर आहे, तिथे वेगाने जेवढी चाल कमी होते तेवढीच उंचीने भरून निघते, आणि समुद्रसपाटीवरची सगळी घड्याळं सारख्या चालीने चालतात. १९०५ मध्ये आइन्स्टाइननेच लिहिलं होतं की विषुववृत्तावरचं घड्याळ ध्रुवावरच्यापेक्षा किंचित हळू चालेल, तेव्हा गुरुत्वाचा भाग त्याच्याकडे अजून नव्हता.

वेगाचंच उदाहरण हवं असेल तर शहरातच आहे. राजा रामण्णा संशोधन केंद्रातल्या इंडस-२ या १७२ मीटर घेराच्या रिंगणात इलेक्ट्रॉन २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेने फिरतात, तेव्हा त्यांच्यासोबत फिरणारं घड्याळ असतं तर आपल्यापेक्षा सुमारे ४९०० पट हळू दिसलं असतं.

खिशातला मोबाइल

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवर आहेत. उंचीमुळे त्यांची घड्याळं दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, वेगामुळे ७ मागे येतात, हिशोब ३८ पुढे. आपल्या नाविकचे, म्हणजे जीपीएससारख्या भारतीय प्रणालीचे, उपग्रह ३६,००० किलोमीटरच्या आसपास, तिथे हाच आकडा ४६ च्या घरात जातो. म्हणून जीपीएसच्या घड्याळांची वारंवारता सोडण्याआधीच १०.२३ मेगाहर्ट्झऐवजी १०.२२९९९९९९५४३ अशी मुद्दाम कमी ठेवतात. दुरुस्ती केली नाही तर नकाशा रोज ११ किलोमीटर चुकेल असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते ३८ मायक्रोसेकंदात प्रकाश तेवढा जातो एवढ्यावरून, पण जरा फुगवलेलं आहे, कारण सगळेच उपग्रह सारखे पुढे गेले तर रिसीव्हर त्यातला मोठा भाग स्वतःच्या घड्याळाची चूक समजून वजा करून टाकतो. दुरुस्ती तरी लागतेच, प्रणाली तशीच बांधलेली आहे. चंद्रावर घड्याळ दिवसाला ५६ मायक्रोसेकंदच्या आसपास पुढे जाईल, म्हणून २०२४ मध्ये अमेरिकन सरकारने नासाला चंद्राची वेगळी प्रमाण वेळ तयार करायला सांगितली.

मोठे खड्डे बघितले की आकडे डोळ्यात भरायला लागतात. सूर्याच्या पृष्ठभागावर घड्याळ टिकलंच तर लांबच्या घड्याळापेक्षा वर्षाला ६७ सेकंद मागे पडेल. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचं कृष्णविवर सुमारे ४३ लाख सूर्यांएवढं आहे, त्याच्या क्षितिजाच्या (जिच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही त्या सीमेच्या) दुप्पट अंतरावर, म्हणजे केंद्रापासून अडीच कोटी किलोमीटरवर, कोणी एका जागी तरंगत राहिलं तर त्याचा एक तास म्हणजे बाहेरचे एक तास पंचवीस मिनिटं. मात्र त्याला स्वतःला तासभरच वाटेल, चहा तेवढ्याच वेळात गार होईल. स्वतःची वेळ कोणालाच हळू वाटत नाही, फरक कळतो तो तुलना केली की.

प्रसरण: इथे गोष्ट बदलते

विश्व प्रसरण पावतंय हे फ्रीडमनच्या १९२२ च्या गणितातून शक्य दिसलं, लमेत्रने १९२७ मध्ये निरीक्षणांशी जोडलं, हबलने १९२९ मध्ये अंतर आणि वेगाचा संबंध मांडला. दूरच्या दीर्घिकेचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहाचा, प्रकाश इथे येईपर्यंत मधलं अवकाश ताणलं जातं, लहरींची लांबी वाढते, यालाच ताम्रसृती म्हणतात. आता हे फक्त लहरीचं होत नाही. दोन लहरशिखरांमधलं अंतर जसं ताणलं जातं तसंच दोन घटनांच्या बातम्यांमधलं अंतरही ताणलं जातं, मग ती घटना म्हणजे लहर असो नाहीतर ताऱ्याचा स्फोट. समजा इंदूरहून अवंतिका एक्सप्रेसने निघालेला मुलगा दर तासाला एक पोस्टकार्ड टाकतोय. त्याचं घड्याळ बरोबर आहे, पण प्रत्येक कार्डाला आधीच्यापेक्षा जास्त रस्ता आहे, म्हणून घरी कार्डं तासापेक्षा जास्त अंतराने पडतात. एवढंच लक्षात ठेवा की गाडी जागेतून पळते, दीर्घिकांच्या बाबतीत मधली जागाच वाढते.

प्रसरणाचा परिणाम असा निरोपात आहे, आणि गुरुत्वाचा घड्याळात. डोंगरावर ठेवलेलं घड्याळ खाली आणून शेजारी ठेवलं तरी फरक राहतो, तो कायमचा जमा झालेला असतो. पण प्रसरणासोबत शांतपणे वाहणारे, बाकी कुठलाही वेग नसलेले जे निरीक्षक, त्यांची सगळ्यांची घड्याळं महास्फोटापासून सारखंच वय दाखवतात. विश्व १३८० कोटी वर्षांचं आहे म्हणतात ते या घड्याळांवर. तेव्हा गणपतीतल्या प्रश्नाचं उत्तर: पहिल्या काळातला सेकंद तिथल्यांसाठी सेकंदच होता, आपल्याला तो ताणलेला दिसतो.

किती ताणलेला, हेही मोजलंय. १अ प्रकारचे अतिनवतारे, म्हणजे एका प्रकारचे ताऱ्यांचे स्फोट, साधारण एकाच पद्धतीने उजळतात आणि विझतात, म्हणून ते घड्याळाचं काम करतात, आणि ही कसोटी ओलिन विल्सनने १९३९ मध्येच सुचवली होती. ताम्रसृती १ असेल, म्हणजे लहरी दुप्पट लांब झाल्या असतील, तर २० दिवसांचा चढ ४० दिवसांत दिसायला हवा. १९९० च्या दशकापासून तसं दिसत गेलं, आणि २०२४ मध्ये डार्क एनर्जी सर्व्हे या आकाशाच्या पाहणीतल्या सुमारे १५०० स्फोटांवरून हा नियम टक्क्याच्या आत बसला. २०२३ मध्ये ल्युइस आणि ब्रुअर यांनी १९० क्वेसार (फार दूरच्या दीर्घिकांचे अतिशय तेजस्वी गाभे) वापरून विश्व जेमतेम १०० कोटी वर्षांचं असतानाच्या घटना पाचपट हळू दिसतात हे दाखवलं. झ्विकीची १९२९ ची थकलेल्या प्रकाशाची कल्पना, म्हणजे प्रसरण नाहीच, प्रकाश फक्त वाटेत ऊर्जा गमावतो, ती इथे पडते, कारण थकलेला प्रकाश लाल होईल पण स्फोट लांबवणार नाही.

मात्र यातून महास्फोट सिद्ध होतो असं म्हणणं घाईचं आहे. हॉइल, बाँडी, गोल्ड यांच्या १९४८ च्या स्थिर स्थिती विश्वातही, जिथे विश्वाला सुरुवातच नाही, प्रसरण होतंच, तिथेही स्फोट तेवढेच ताणलेले दिसले असते, तो सिद्धांत मागे पडला तो दुसऱ्या पुराव्यांनी. आणि कोल्हापूरला जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी १९७७ मध्ये तर प्रसरणाशिवायही ताम्रसृती मांडून दाखवली होती: अवकाश स्थिर, पण कणांचं वस्तुमान काळासोबत वाढत जातं, म्हणून जुने अणू हलके, त्यांच्या लहरी लांब आणि त्यांची घड्याळं खरोखरच हळू. हे मत चाललं नाही, पण वेळ मोजायचा तर कशाच्या सापेक्ष, हा मुद्दा त्याने नेमका उघडा पाडला.

आपल्या गल्लीत काय

प्रसरण इंदूरात होत नाही. सूर्यमाला, आकाशगंगा, तुमचं घर, सगळं आपापल्या बलांनी बांधलेलं आहे आणि प्रसरण दिसतं ते दीर्घिकासमूहांच्या पलीकडे, जिथे दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे वेग सेकंदाला सुमारे ७० किलोमीटरने वाढतो (६७ की ७३ हे भांडण अजून मिटलेलं नाही). आपण पार्श्वभूमी प्रारणाच्या (सुरुवातीच्या विश्वातून उरलेल्या, सगळीकडून येणाऱ्या प्रकाशाच्या) सापेक्ष सेकंदाला ३७० किलोमीटरने सरकतोय, आणि हा वेग कायम तेवढाच होता असं धरलं तर १३८० कोटींमध्ये आपण जेमतेम १० हजार वर्षं गमावली. आकाशगंगेच्या खड्ड्याचा परिणामही त्याच मापाचा, पण जास्त.

याच जागेवर सध्या वाद आहे. न्यूझीलंडच्या डेव्हिड विल्टशायर यांचं म्हणणं, २००७ पासून, असं की विश्व गुळगुळीत नाही, दीर्घिकांची जाळी आणि मधल्या मोठ्या पोकळ्या आहेत, पोकळीतलं घड्याळ आपल्यापेक्षा खूप पुढे जातं, फरक ३५ टक्क्यांपर्यंत, आणि प्रसरणाची जी वाढती गती दिसते, जिचं कारण म्हणून डार्क एनर्जी नावाची अज्ञात ऊर्जा धरतात, ती या न जुळणाऱ्या घड्याळांचा भास आहे. बहुतेक शास्त्रज्ञांना हे पटत नाही, कारण नेहमीच्या गणितात पोकळी आणि समूह यांच्यातला फरक लाखात एक भागाच्या आसपास येतो, ३५ टक्के फार लांब. मला स्वतःला पण आकडा जड वाटतो, तरी अतिनवताऱ्यांच्या माहितीशी तो ताडून बघणारे पेपर २०२४ च्या अखेरीपर्यंत येतच होते.

सरळ कसोटी सँडेजने १९६२ मध्ये सांगून ठेवली आहे: एकाच दूरच्या वस्तूची ताम्रसृती आज मोजा, मग काही वर्षांनी परत मोजा, ती बदललेली दिसली तर प्रसरणाचा वेग कसा बदलतोय ते थेट कळेल. अडचण अशी की बदल दहा वर्षांत सेकंदाला काही सेंटिमीटर एवढाच, मुंगी चालते त्या मापाचा, म्हणून चिलीमध्ये बांधकाम चालू असलेल्या ३९ मीटर आरशाच्या दुर्बिणीच्या कामांच्या यादीत ही मोजणी ठेवलेली आहे.