पार्श्वभूमी : गुप्तरोगाची जाहिरात आणि १९५४चा कायदा

ताठरता न येणं किंवा न टिकणं, शीघ्रपतन, इच्छा कमी होणं आणि ‘धात जाते’, म्हणजे वीर्य वाया जातं, ही धास्ती. पुरुष ज्या लैंगिक तक्रारी घेऊन दवाखान्यात येतात, त्यांतल्या बऱ्याचशा या चारांत मोडतात. पहिल्या तिन्हींवर आज तपासून पाहिलेले उपचार आहेत. चौथीला बहुधा औषध लागतच नाही, नीट समजावून सांगणारं माणूस लागतं. तरी अनेकांचा पहिला फोन जातो तो लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या स्टिकरवरच्या नंबराला. ‘जुनाट गुप्तरोग, खात्रीशीर इलाज, रविवारी दुपारी १ पर्यंत’ हा मजकूर पिढ्या बदलल्या तरी फारसा बदललेला नाही. नोंदणीकृत डॉक्टर गप्प आणि भिंती बोलक्या, असं का झालं याचा माग काढायला गेलं, तर कायद्याच्या इतिहासात बरंच काही हाती लागतं.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी वाजीकरण, म्हणजे कामशक्ती वाढवण्याचं शास्त्र, हे एक. चरकसंहितेत क्लैब्याची, म्हणजे नपुंसकत्वाची, चार कारणं दिली आहेत : बीजाचा दोष, लिंगाला झालेला अपाय, म्हातारपण आणि शुक्रक्षय, म्हणजे वीर्य घटणं. सात धातूंच्या साखळीत शुक्र शेवटचं, म्हणून सर्वांत मोलाचं. ‘चाळीस थेंब रक्त आटतं तेव्हा एक थेंब वीर्य होतं’ हा हिशेब याच समजुतीचा बाजारी अवतार. त्यात अठराव्या शतकातल्या युरोपची हस्तमैथुनाबद्दलची भीती इंग्रजी अमलात येऊन मिसळली. दोन्हींचा मिळून जो काढा झाला, त्यावर वीर्यनाशाच्या गोळ्यांचा धंदा शंभर वर्षं चालला. लघवीवाटे किंवा झोपेत वीर्य जातं म्हणून अशक्तपणा येतो, या तक्रारीला ‘धात सिंड्रोम’ हे वैद्यकीय नाव एका भारतीय मनोविकारतज्ज्ञाने १९६० साली दिलं. झोपेत वीर्यपतन होणं हा मुळात आजारच नाही, हे मात्र त्याआधी कित्येक वर्षं मराठीत छापून आलेलं होतं.

ते छापत होतं मुंबईतून १९२७ ते १९५३ या काळात निघालेलं एक मासिक. ते ‘समाजस्वास्थ्य’, र. धों. कर्वे यांनी चालवलेलं, हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्यातल्या प्रश्नोत्तरांच्या सदरात लोक आपापल्या शंका विचारत आणि संपादक आडपडदा न ठेवता उत्तरं देत. या उत्तरांवरूनच १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. संपादकांच्या बाजूने उभे राहिलेले बॅरिस्टर पुढे राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. खटला हरला, दंड झाला, मासिक चालूच राहिलं. ते बंद पडलं १९५३ साली, संपादकांच्या निधनाबरोबर. पुढच्याच वर्षी संसदेने जो कायदा केला, तो इथला खरा विषय.

‘औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४’ हे त्याचं पूर्ण नाव. १ एप्रिल १९५५ पासून तो लागू झाला. हेतूबद्दल वाद घालण्यासारखं काही नाही. वर्तमानपत्रांची पानंच्या पानं ताकदीच्या गोळ्यांनी, भस्मांनी आणि वशीकरणाच्या तावीजांनी भरत होती. १९३०-३१च्या औषध चौकशी समितीपुढेही या बेताल जाहिरातींच्या तक्रारी आल्या होत्या. लोकांनी जाहिरात वाचून स्वतःवर प्रयोग करू नयेत, एवढाच उद्देश होता.

घोळ आहे तो कलम ३ मध्ये. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी कलम ४ वेगळं आहे आणि मंत्र-तावीजांसाठी कलम ५. कलम ३ मात्र औषध खरं की खोटं हे विचारतच नाही. गर्भपात व गर्भनिरोध, कामसुखाची क्षमता टिकवणं वा वाढवणं, मासिक पाळीचे विकार आणि परिशिष्टात दिलेले रोग यांवर औषध आहे असं सुचवणारी कोणतीही जाहिरात त्याने बंद केली. परिशिष्टात ५४ नोंदी आहेत. कर्करोग आणि मधुमेहाच्या पंगतीला माणसाची उंची आणि स्त्रियांच्या छातीचा आकारही बसला आहे. नपुंसकत्व आहेच. म्हणजे हा विषय दोनदा कुलूपबंद झाला, एकदा ‘सुख’ म्हणून आणि एकदा ‘रोग’ म्हणून.

१९५४ साली यात कोणाचं फारसं बिघडलं नाही, कारण जाहिरात करण्याजोगं खरं औषध जवळपास नव्हतंच. टेस्टोस्टेरॉन १९३५ साली प्रयोगशाळेत तयार झालं होतं, पण ते ज्यांच्या रक्तात कमी आहे त्यांनाच उपयोगी. बाकी सगळा हवेतला कारभार.

युनानी औषधं बनवणाऱ्यांनी या कायद्याला आव्हान दिलं आणि डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बहुतांशी उचलून धरला. असल्या व्यापारी जाहिरातीला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं कवच नाही, असं न्यायालय म्हणालं. रोगांची यादी नियमांतून हवी तशी वाढवण्याचा सरकारचा मोकळा अधिकार आणि जप्तीच्या तरतुदीचा एक भाग तेवढा रद्द झाला. १९६३ साली दुरुस्ती करून संसदेने फटी बुजवल्या.

मोठी फट राहिलीच. कलम १४ प्रमाणे नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाला आपल्या जागेवर ‘इथे अमुक विकारावर उपचार होतात’ अशी पाटी लावता येते. शिवाय कलम ३ बोलतं ते औषधाच्या जाहिरातीबद्दल. औषधाचं नाव न घेता फक्त ‘भेटा’ म्हटलं, तर? स्टँडमागच्या लॉजवर महिन्यातून दोनदा येणारे खानदानी वैद्य तेच करत आले. पत्ता, वेळ आणि ‘निराश होऊ नका’. औषध पुडीत, पुडीवर नाव नाही. ज्याची पदवी खरी, त्याच्यावर मात्र वैद्यक परिषदेच्या आचारसंहितेचंही बंधन, रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करायची नाही. कायदा पाळणारा दोन्हीकडून बांधला गेला आणि न पाळणाऱ्याला भिंत मोकळी मिळाली. शिक्षा पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत, नंतर वर्षापर्यंत किंवा दंड. त्या धाकाने पत्र्याच्या कुंपणावरची एक रंगवलेली ओळ पुसली गेल्याचं निदान आमच्या पाहण्यात नाही.

गंमत म्हणजे याच कलमात गर्भनिरोधही अडकला होता. पण सरकारने स्वतः दिलेल्या किंवा सरकारच्या परवानगीने दिलेल्या जाहिरातींना कायद्यात मुभा होती. १९६८ मध्ये ‘निरोध’ हा सरकारी कंडोम बाजारात आला, तीन नग पंधरा पैशांना, आणि खेड्यापाड्यांतल्या भिंतींवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण झळकला. लोकसंख्येची काळजी होती म्हणून तो दरवाजा उघडला. पुरुषाच्या तक्रारीसाठी तो उघडावा असं कोणाला वाटलं नाही.

मुंबईत परळच्या पालिका रुग्णालयात लैंगिक वैद्यकाचा स्वतंत्र विभाग निघाला आणि १९८५ साली लैंगिक विज्ञानाची जागतिक परिषद दिल्लीत भरली. बाहेर तोवर बरंच पुढे गेलं होतं. १९७३ मध्ये फुगवता येणारं लिंगरोपण आलं. १९८३ मध्ये लास वेगासच्या एका परिषदेत ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने स्वतःच्या लिंगात इंजेक्शन घेतलं आणि मंचावर विजार उतरवून श्रोत्यांना परिणाम दाखवला. भाषणाची पद्धत वादग्रस्त, मुद्दा बिनतोड : ताठरतेचा प्रश्न रक्तवाहिन्यांचाही असू शकतो, सगळं ‘मनाचं’ नसतं.

मग आली गोळी. इंग्लंडमधल्या सँडविच गावी हृदयशूळासाठी तपासलं जाणारं सिल्डेनाफिल, म्हणजे पुढची ‘व्हायग्रा’, त्या कामी यथातथाच ठरलं, पण चाचणीतल्या पुरुषांनी वेगळाच परिणाम सांगितला. २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेत परवानगी मिळाली. तिथे अध्यक्षपदाची निवडणूक हरलेले एक ज्येष्ठ नेते टीव्हीच्या जाहिरातीत येऊन या अडचणीबद्दल बोलले. आपल्याकडे तेव्हा औषधाला नव्हे, ते बनवण्याच्या प्रक्रियेला पेटंट मिळत असे. त्यामुळे २००१ पासून भारतीय कंपन्यांच्या गोळ्या कितीतरी कमी किमतीत आल्या. मूळ कंपनीची गोळी काही वर्षांनी आली. जगात सर्वांत स्वस्त मिळणाऱ्या गोळ्यांपैकी ही एक, आणि तिच्याबद्दल जाहीरपणे बोलायचं नाही. ती चिठ्ठीवरच विकायची असते. प्रत्यक्षात गिऱ्हाईक दुकान रिकामं व्हायची वाट बघतं, हलक्या आवाजात एक शब्द बोलतं आणि स्ट्रिपमधून कापलेली एक गोळी कागदात गुंडाळून मिळते. कापलेल्या तुकड्यावर सूचना नसते.

ती सूचना महत्त्वाची आहे. छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्याने ही गोळी घेतली, तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका खाली जाऊ शकतो. दुसरं असं की लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे बिघाड तिथे आधी दिसतो. चाळिशी-पन्नाशीत ताठरता कमी होऊ लागली, तर छातीत दुखायला लागण्याच्या काही वर्षं आधीचा तो इशारा असू शकतो. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू हे सगळं तिथेच तपासायला हवं. गोळीने काम न झाल्यास निर्वात पंप, इंजेक्शन आणि शेवटी रोपण, अशी साधारण चढण. मुंबईतल्या एका तज्ज्ञाने कमी खर्चाचं देशी रोपणही बनवलं आहे. शीघ्रपतनासाठी थांबा-पुन्हा-सुरू करा ही पद्धत १९५६ पासून माहीत आहे. नैराश्यावरच्या काही गोळ्या त्याच कामी वापरल्या जातात, बधिर करणारे स्प्रे आहेत आणि २००९ पासून डॅपॉक्सेटिन ही गोळीही.

गेल्या काही वर्षांत वाद पुन्हा जाहिरातीवरच आला आहे. डिसेंबर २०१८ मध्ये आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी औषधांच्या जाहिरातींना पूर्वपरवानगी लावणारा, औषध व सौंदर्यप्रसाधन नियमावलीतला नियम १७० आला. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने १९५४च्या कायद्यात दुरुस्तीचा मसुदा जाहीर केला. त्यात परिशिष्ट ५४ वरून ७८ नोंदींवर नेण्याचा आणि पहिल्या गुन्ह्याला दहा लाखांपर्यंत दंडाचा प्रस्ताव होता. लिंगाचा आकार आणि संभोगाचा कालावधी यांनाही यादीत जागा होती. खरं औषध आणि पुडी यांत फरक करण्याची गरज याही खेपेला वाटली नाही. पुढच्याच महिन्यात टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, आणि व्हिडिओवर डॉक्टर, घरी बिननावाचं खोकं अशी सेवा देणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांच्या जाहिरातींत ‘आत्मविश्वास’ असतो, ‘परफॉर्मन्स’ असतो, औषधाचं नाव नसतं. खानदानी वैद्यांचीच युक्ती, फक्त अक्षरं सुबक.

नियम १७० जुलै २०२४ मध्ये सरकारने वगळला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते प्रकरण निकाली निघालं. ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कामोत्तेजक कॅप्सूलमध्ये लपवलेलं सिल्डेनाफिल सापडल्याचे इशारे अमेरिकी नियामक अनेक वर्षं देत आला आहे. ज्या पुरुषाने सॉर्बिट्रेटमुळे गोळी टाळली, त्याला या कॅप्सूलची शंका येण्याचं काही कारणच नसतं.